सूनबाईचा हात

"ते दोघं खरंच बोलत नाहीत का हो?"

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला लोकांनी तिकीटबारीवर विचारलाय, वड्याच्या गाडीवर विचारलाय, भाचीच्या लग्नात पंगतीत विचारलाय. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारला, माझ्या तोंडात त्यांचा चिमटा असताना. मी व्यावसायिक नाटकाचा बॅकस्टेजवाला. सेट लावणं, प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू मांडणं, घंटा देणं, पडदा सांभाळणं, नटांना विंगेत पाणी देणं, असं सगळं मिळून २७ वर्षं झाली. या २७ वर्षांत नाटकाबद्दल मला फारसं कुणी काही विचारलेलं नाही. विचारतात ते नाटकाच्या मागचं.

त्या दोघांची नावं घेत नाही. सरांना सर म्हणू, ताईंना ताई. रंगमंचावर ते चाळीस वर्षं संसार केलेलं जोडपं आहेत आणि प्रेक्षकांतल्या बायका डोळे पुसत बाहेर पडतात. विंगेत आले की बोलणं बंद. सर मला सांगणार, "त्यांना सांग, दुसऱ्या प्रवेशात खुर्ची दोन इंच पुढे घ्या." ताई तिथेच, हातभर अंतरावर. त्या मला सांगणार, "त्यांना सांग, खुर्ची जागेवरच आहे, ते मागे सरकलेत." मी दोघांच्या मध्ये उभा, टपाल खात्यासारखा.

कारण काय म्हणाल, तर लोकांनी ते कधीच ठरवून टाकलंय. कुणी म्हणतं पैशावरून, कुणी म्हणतं जाहिरातीत नाव आधी कुणाचं यावरून, आणि कुणी नुसतंच डोळे मिचकावतं. खरं कारण सांगितलं तर विश्वास बसणार नाही. कोकणच्या दौऱ्यात बसमधल्या पुढच्या खिडकीवरून झालं. ड्रायव्हरच्या मागची खिडकी. त्या दिवशी ताईंना मळमळत होतं म्हणून त्या तिथे बसल्या, आणि सरांची पिशवी तिथे आधीपासून होती. पिशवी मागे गेली, त्यातला डबा सांडला, सर काहीतरी बोलले, ताईंनीही उत्तर दिलं. बस्स. ज्यांनी दौऱ्याची बस पाहिलेली नाही त्यांना हे पोरकट वाटेल. महिन्यातले वीस दिवस ज्यांचं घर ती बस असते, त्यांच्यासाठी खिडकी म्हणजे सातबारा.

हे मी कुणाला सांगत नाही. निष्ठा वगैरे काही नाही त्यात. खरं सांगितलं तर लोकांचा विरस होईल, आणि लोकांचा विरस झाला की बुकिंगचा प्लॅन पांढराच राहतो. निर्माते एकदा हसत म्हणाले होते, "रुसवा बुकिंगला बरा असतो रे." तेव्हापासून कुणी विचारलं की मी नुसता हसतो. त्या हसण्यातून समोरच्याला हवं ते कळतं.

आपल्याकडे हे वेड जुनंच. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. त्या फुटीची चर्चा नाटकवाले अजून करतात, जणू काल झाली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. त्या गर्दीत गाणं ऐकायला किती आले होते आणि कोण कुणावर मात करतो हे बघायला किती, हे एक देवच जाणे. आणि नाटकवाल्यांनाच कशाला बोल लावायचा? २०१९ च्या नोव्हेंबरात पहाटे शपथविधी झाला, सरकार चार दिवसांत पडलं, पण आदल्या रात्री कोण कुणाला कुठे भेटलं हे अख्खा महाराष्ट्र अजून एकमेकांना विचारतोय.

असो. मला सांगायचंय ते त्या रविवारचं.

कृष्णेकाठचं एक शहर. नाट्यगृहाचं नाव सांगत नाही. साडेपाचचा प्रयोग. कराडला उड्डाणपुलाच्या कामात बस अडकली, सेटचा टेम्पो त्याच्या मागे अडकला. सकाळी दहाला पोचणारे आम्ही एकला पोचलो. फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंती उभ्या करायला, टेकू ठोकायला, लाइट लावून फोकस करायला आम्हांला चांगले तीन तास लागतात. जेवण म्हणजे ज्याला जमेल तसं, उभ्याउभ्या. सरांचं ताट मात्र मी पावणेपाचला मेकअपरूममध्ये नेऊन ठेवलं, कारण त्यांना मधुमेह आहे आणि जेवणाआधी ते इन्सुलिन घेतात. माझ्यासमोर त्यांनी पोटाला सुई टोचली, हात धुतले, भाकरीचा तुकडा मोडला.

तेवढ्यात प्रयोग लावणारा कंत्राटदार आला, सोबत आठ माणसं. जाहिरात देणाऱ्या दुकानदाराचं कुटुंब. "यांना जरा आतलं बघायचंय."

आता 'आतलं' म्हणजे काय, हे सांगतो. एक पिवळा बल्ब, पोपडे आलेली भिंत, आरशासमोर पावडर, स्पिरिट गमचा वास, खुंटीवर घामट बंडी. पण बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावर देवळाचा गाभारा उघडल्यासारखा भाव. फोटो झाले. मुलांनी सरांची टोपी घालून बघितली. वहिनींनी हळूच ताईंच्या खोलीकडे मान करून विचारलं, "त्या वेगळ्या खोलीत बसतात का?" सर सभ्य माणूस. ताट झाकलं आणि हसत उभे राहिले. एकेकाबरोबर, मग दोघादोघांबरोबर, मग सगळ्यांबरोबर. मंडळी गेली तेव्हा सव्वापाच झाले होते. मी पहिली घंटा दिली. ताट तसंच राहिलं. मुलांनी अर्धवट टाकलेली थम्स अपची मोठी बाटली आरशाजवळ राहिली होती. ती उचलून मी विंगेतल्या प्रॉपर्टीच्या टेबलाखाली ठेवली, कुणाच्या पायाने सांडू नये म्हणून.

नटराजाची पूजा झाली, नारळ वाढवला, तिसरी घंटा. पहिला अंक लोण्यासारखा गेला. मध्यंतरात सर म्हणाले, "चहा नको, पाणी दे." तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलं नाही. मी दुसऱ्या अंकाची प्रॉपर्टी मांडत होतो.

दुसऱ्या अंकात एक जागा आहे. डावीकडे स्वयंपाकाचा ओटा, मागे फ्लॅटमध्ये कापलेली छोटी खिडकी. ताई किटलीतून चहा ओततात, कप सरांपुढे ठेवतात आणि गप्प बसतात. मग सरांचं स्वगत म्हणावं इतकं लांब भाषण, चार मिनिटांचं. नोकरी, निवृत्ती, मुलगा, आणि शेवटी बायकोची माफी. लोक या जागेसाठी दोनदा-तीनदा येतात.

त्या दिवशी सरांनी पहिलं वाक्य म्हटलं. मग तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मला वाटलं, आज वेगळं काही करताहेत. तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं आणि अर्ध्यावर थांबलं. कप उचलला तर बशीवर त्याचा खडखडाट, आणि मेकअपमधून घाम असा वाहत होता की कानशिलावर पांढरे ओघळ. पडद्याच्या बटणापाशी बसलेला पोरगा माझ्याकडे बघायला लागला: पाडू? मी हात वर केला. तो 'थांब' होता की 'पाड', हे मलाही माहीत नव्हतं.

प्रेक्षागृहात चिडीचूप. नऊशे माणसांना वाटतंय, काय अभिनय!

ताई उठल्या. संहितेत त्या उठत नाहीत. सरांच्या हातातून कप काढून घेतला आणि आवाज चढवून म्हणाल्या, "बोलू नका. एक अक्षर बोलू नका आता. जन्मभर बिनसाखरेचा पाजलात मला, आज माझ्या हातचा गोड घ्यायचा." आणि खिडकीकडे वळून, थेट माझ्या दिशेने, "सूनबाई! अगं साखरेचा डबा कुठे ठेवलायस? आण बघू लवकर!"

आमच्या नाटकात सूनबाई नाही. मुलगा अमेरिकेत आहे आणि अविवाहित आहे, पहिल्या अंकात त्यावर पाच मिनिटांचा विनोद आहे.

मला समजायला किती वेळ लागला सांगता येत नाही. तीन सेकंद असतील, मला मात्र अख्खी दुपार गेल्यासारखं वाटलं. साखर. इन्सुलिन घेतलेलं, वर जेवण नाही, सरांची साखर उतरली होती. पण आता साखर कुठून आणू? ओट्यावरचे सगळे डबे रिकामे, हलके म्हणून मुद्दाम पत्र्याचे घेतलेले. चहावाला बाहेर, पार पार्किंगच्या टोकाला. पूजेच्या ताटात खडीसाखर होती, पण ती विरघळणार कधी? आणि मग टेबलाखाली पाय लागला तो त्या बाटलीला.

स्टेजवरच्या किटलीची एक जोडकिटली आम्ही विंगेत ठेवतो. ती घेतली, बाटली उपडी केली. गॅस गेलेलं थम्स अप दिव्यांखाली कोऱ्या चहासारखंच दिसतं, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. पण खिडकीतून द्यायचं कुणी? माझा हात म्हणजे काळा शर्ट, घड्याळ आणि केस. सूनबाईचा नव्हे.

मागे कपडेपटाच्या मावशी साडीला पिन लावत बसल्या होत्या. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. मी किटली त्यांच्या हातात कोंबली आणि खिडकीकडे ढकललं. मावशींनी एक शब्द विचारला नाही. हात बाहेर काढला आणि, देवाशप्पथ, इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "हे घ्या आई. साखर घालूनच आणलाय."

प्रेक्षकांत हशा. ताईंनी कप भरला, सरांच्या ओठांना लावला. एक कप, मग दुसरा. सर लहान मुलासारखे घोटघोट पीत होते.

पण साखर रक्तात चढायला वेळ लागतो, आणि रंगमंचावर एक मिनिट म्हणजे काय असतं ते उभं राहिलेल्यालाच माहीत. ताई खुर्ची ओढून सरांसमोर बसल्या, पाठ अर्धी प्रेक्षकांकडे, म्हणजे सरांचा चेहरा झाकला जाईल अशा बेताने. आणि म्हणाल्या, "तुम्ही आज मला काय सांगणार ते पाठ आहे मला. तुम्ही म्हणणार, नोकरी संपली त्या दिवशी मी घरी आलो आणि..."

सरांचं भाषण. आख्खं. सरांचा 'मी' त्यांच्या तोंडी 'तुम्ही' झाला, एवढाच फरक. शब्द तेच, थांबे तेच, सर जिथे आवंढा गिळतात तिथे त्याही थांबल्या. ज्या माणसाशी दीड वर्षात एक वाक्य बोलल्या नाहीत, त्याची चार मिनिटं त्यांना काना-मात्रेसकट येत होती. माफीच्या जागी आल्या तेव्हा म्हणाल्या, "आणि शेवटी तुम्ही माफी मागणार. मागा. मी ऐकतेय."

सरांनी मान वर केली. रंग परतला होता. म्हणाले, "चुकलं माझं." हेच संहितेतलं वाक्य. टाळ्या.

१२ मार्च १९११ ची गोष्ट नाटकवाल्यांत सगळ्यांना माहीत असते. 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली, आणि तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. हे आठवलं की मला नेहमी वाटतं, त्या दिवशी विंगेत कोण उभं होतं? एंट्रीआधी त्यांना पाणी कुणी दिलं? आणि देताना तो काय बोलला असेल, की काहीच नाही?

आमच्या प्रयोगानंतर सरांनी स्वतःच्या यंत्रावर साखर तपासली. ११८. म्हणजे ठीक. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

बाहेर सेट टेम्पोत चढत असताना दुकानदाराचं कुटुंब पुन्हा भेटलं. वहिनी खुशीत होत्या. "दुसऱ्या अंकात त्या त्यांच्यावर खरंच चिडल्या होत्या ना? आम्हांला लगेच कळलं. नाटकातलं नव्हतं ते." मी म्हटलं, "नव्हतं." एवढं खरं मी क्वचितच बोललो असेन. एका काकांनी मात्र वेगळंच विचारलं: सूनबाईचं काम कुणी केलं, तिचं नाव जाहिरातीत का नाही? दोन दिवसांनी कुणीतरी चोरून घेतलेली चाळीस सेकंदांची चित्रफीत फिरायला लागली. मथळा, 'रंगमंचावरच उडाला खटका!' पुढचे तीन प्रयोग हाउसफुल्ल. मावशींनी निर्मात्यांकडे त्या दिवसाची वेगळी नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, मागितली. पाचशे रुपये मिळाले.

आता तुम्ही विचारणार, मग बोलायला लागले का? त्या रात्री बस कराडच्या पुढे चहाला थांबली. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांग, पाठांतर चांगलं आहे. पण 'पेन्शन' तिसऱ्या वाक्यात येतं, दुसऱ्यात नाही." ताई शेजारच्याच बाकावर. बिस्किट बुडवत म्हणाल्या, "त्यांना सांग, माणसं आली की ताट झाकू नये. जेवत जावं."

मी दोन्ही निरोप पोचवले.

खिडकीत अजून ताईच बसतात. दादरच्या प्रयोगाला प्रॉपर्टीची यादी काढली, तर तळाशी ताईंच्या अक्षरात एक नवी ओळ होती: साखरेचा डबा, १, भरलेला.