आधी सांगाडा, मग पत्रा

"अगं, पण आत काय आहे?" बाबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"काही नाही. पोकळ आहे."

"मग पत्रा कशाला धरून उभा राहणार?"

पत्रा म्हणजे १ मिमी जाडीचं पांढरं पॉलिस्टायरीन. इथे इंग्लंडमध्ये त्याला प्लास्टिकार्ड म्हणतात. माझी गाडी त्याचीच. चाकांभोवती रणगाड्यासारखे साखळीपट्टे असलेली, भविष्यातल्या एका युद्धातली, ४० सेंटिमीटर लांब. टेबलावरच्या युद्धखेळात आमचे सैनिक साधारण २८ मिमी उंच असतात. त्या मापात माझी गाडी २४ मीटरची होते, म्हणजे दोन एसट्या एकामागे एक.

मी नॉटिंगहॅमला राहते. हा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथेच, लेंटन भागात आहे. कंपनी १९७५ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि वॉरहॅमर ४०,००० हा खेळ १९८७ साली आला. तेव्हा मोठ्या गाड्यांचे तयार संच फारसे नव्हते. डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून हवेत तरंगणारा रणगाडा कसा करायचा, हे कंपनीच्याच मासिकात छापून आलं होतं. आता दुकानात सगळं मिळतं, तरी आमच्या क्लबात अशी हातानं केलेली गाडी टेबलावर आली की लोक डाव थांबवून बघायला येतात. मला तशीच एक करायची होती.

आधी सांगाडा करायचा तो मी केलाच नाही, चूक तिथेच झाली. सहा बाजू कापल्या आणि एका रात्रीत सगळे सांधे बंद केले. प्लास्टिकार्ड आरपार कापत नाहीत. सुरीनं दोनतीनदा रेघ ओढायची आणि वाकवायचं, की ते सरळ तुटतं. ते जोडायचं द्रावण नेहमीच्या गोंदासारखं नसतं. ते दोन्ही कडा विरघळवतं आणि वाळल्यावर त्या एकजीव होतात. जोड फार पक्का होतो, पण द्रावणाची वाफ बंद खोक्यात कोंडली तर प्लास्टिक आतून मऊ पडतं. चार दिवसांनी माझ्या गाडीच्या दोन्ही बाजू आत खचल्या होत्या. तेच दाखवायला मी बाबांना फोन केला होता.

बाबांची नोकरी पुण्यातल्या दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये झाली. तिथे नुसत्या चासीवर बसची अख्खी बॉडी उभी राहते. आधी खांब, मग छपराच्या कमानी आणि त्यानंतरच पत्रा. लहानपणी त्यांच्या डब्याच्या पिशवीला ॲल्युमिनियमच्या चुऱ्याचा वास यायचा.

मी गाडी तळातून उघडली. २ मिमी जाडीच्या आडव्या भिंती कापून दर ४ सेंटिमीटरवर बसवल्या. प्रत्येक भिंतीला भोक पाडलं, तळालाही पाडलं, म्हणजे वाफ एका कप्प्यातून दुसऱ्यात आणि तिथून बाहेर जाईल. खचलेल्या बाजू टाकून नव्या लावल्या. आता त्या बोटानं दाबल्या तरी हलत नाहीत.

मग रिव्हेट. १ मिमी जाडीच्या प्लास्टिकच्या काडीचे पातळ काप करून ते सुरीच्या टोकावर उचलायचे आणि द्रावणाच्या थेंबावर ठेवायचे. दोन संध्याकाळी खपून मी पुढची बाजू भरली होती. बाबा स्क्रीनजवळ आले. "हा मधला कशात मारलाय? मागे खांब आहे का तिथे?"

नव्हता. दिसायला छान म्हणून मी ते कुठेही लावले होते. रिव्हेट पत्रा आणि खांब यांना जोडतो, त्यामुळे बाहेरच्या रिव्हेटच्या ओळीवरून आतला खांब कुठे आहे ते कळायला हवं. मी सगळे खरवडून काढले आणि आतल्या भिंतींच्या रेषेवर पुन्हा लावले. तेव्हा ती पहिल्यांदा जड वाटली. एवढ्या मोठ्या गाडीवर माणसाच्या मापाचं काहीतरी लागतंच, म्हणून दार ३२ मिमी उंच ठेवलं आणि शिडीच्या पायऱ्या ५ मिमीवर, म्हणजे खऱ्या मापात फूटभर अंतरावर. ती शिडी नसती तर गाडी खेळणं वाटली असती, असं माझं ठाम मत आहे.

चाकं धर्मादाय दुकानातल्या जुन्या खेळण्यांची, धुराडी औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची. तिकडे भारतात कुणाला अशी गाडी करायची असेल तर आर्किटेक्चरची मुलं वापरतात तो सनबोर्ड घ्या. तो जाड पण हलका असतो आणि सुरीनं सहज कापला जातो. मात्र आधी एका तुकड्यावर गोंद लावून बघा.

राखाडी प्रायमरसाठी, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरासाठी, मार्चपर्यंत थांबले. इथल्या हिवाळ्याच्या दमट हवेत स्प्रे मारला की पृष्ठभाग खरखरीत होतो. एका कोरड्या शनिवारी मागच्या अंगणात पहिला हात दिला आणि झाकणं, चाकं, पांढरं प्लास्टिक सगळं एका रंगाखाली गेलं. मी बराच वेळ तिथेच थंडीत उभी होते.

संध्याकाळी बाबांना दाखवली. त्यांनी आधी ती उलटी धरायला सांगितली.

"मागच्या इंजिनाच्या कप्प्याला भोक दिसत नाही."

तो कप्पा मी नंतर जोडला होता, चारी बाजूंनी बंद. फोन पुस्तकांना टेकवून ठेवला आणि ड्रिल घेऊन आले.