संत्र्याचं क्रेट आणि ३३ सेंट

नागपूरच्या फुटाळा तलावावरच्या सूर्यास्ताचा फोटो विकायला टाकू नका. ताडोब्याचा वाघही नको, निदान पहिल्या शंभर फोटोंत तरी नको. दोन्ही देखणे असतील, पण स्टॉक साइटवर, म्हणजे फोटो वापरायचा परवाना विकणाऱ्या साइटवर, सूर्यास्त आणि वाघ यांचा एवढा ढीग पडलेला आहे की त्यात आपला फोटो कितव्या पानावर निघेल हे मोजण्यात अर्थ नाही. शिवाय वाघाच्या बाबतीत समोर कोण उभं आहे ते पाहा: ६०० एमएमची लेन्स घेऊन वर्षभर सफाऱ्या करणारी मंडळी.

डाउनलोड विकत घेणारा माणूस रसिक नसतो, घाईत असतो. पीकविम्याचं माहितीपत्रक करणारी पुण्यातली डिझायनर, फळांच्या निर्यातीवर लेख लावणारं परदेशी मासिक, शाळेच्या पुस्तकासाठी चित्रं जमवणारा संपादक. त्यांना चार वाजेपर्यंत ‘भारतातला घाऊक फळबाजार’ हवा असतो, आणि त्यावर मथळा छापायला एका बाजूला मोकळी जागा हवी असते. असं पाहिलं की नागपूर एकदम श्रीमंत दिसायला लागतं. कळमन्याच्या घाऊक बाजारातली संत्री. खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. तर्री ओतलेले पोहे. जिनिंगसमोर थांबलेल्या कापसाच्या गाड्या. तान्हा पोळ्याचे लाकडी बैल. मे महिन्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटी चालवणारी पोरगी. या गोष्टी शोधणारे थोडे असतील, पण त्यांचे नीट काढलेले फोटोही थोडेच आहेत.

संत्र्याचंच पूर्ण उदाहरण घेऊ, कारण त्यात जवळजवळ सगळ्या चुका करता येतात.

पहिली चूक महिन्याची. आंबिया बहराचं फळ ऑक्टोबरपासून यायला लागतं, पण सुरुवातीचं हिरवट असतं. खायला गोड असलं तरी गिऱ्हाइकाला ‘संत्रं’ म्हणून केशरीच हवं असतं. डिसेंबरमध्ये रंग भरतो. ते हुकलं तर दुसरा हंगाम, मृग बहर, फेब्रुवारी-मार्च. बाजारात लिलावाच्या आधी, कोवळ्या उजेडात जा आणि अडत्याला विचारूनच कॅमेरा काढा. शेडमध्ये पत्र्याखाली ट्यूबलाइट आणि बाहेरचा उजेड मिसळतो, वर निळी ताडपत्री असेल तर केशरी रंग मातकट होतो. एक करडं कार्ड फळांवर ठेवून एक फोटो घ्यावा आणि व्हाइट बॅलन्स त्यावरून लावावा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. एफ ८, शटर १/२५० आणि त्यासाठी आयएसओ ८०० लागला तरी बिघडत नाही. हललेला फोटो कोणी घेत नाही, थोडा दाणेदार खपून जातो.

दुसरी चूक घरी येऊन मोठ्या पडद्यावर कळते. प्लास्टिकच्या क्रेटवर व्यापाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर रंगवलेला असतो. बारदानावर कुठल्यातरी खत कंपनीची छापील पाटी असते. पेटीत तणसाऐवजी वर्तमानपत्र अंथरलं असेल तर त्यावरची बातमी आणि छायाचित्र दुसऱ्याच्या मालकीचं. व्यापारी वापराच्या परवान्यासाठी हे सगळं निघालं पाहिजे. संगणकावर वीस क्रेटवरची नावं पुसत बसण्यापेक्षा जागेवरच क्रेट उलटी फिरवून मागावी, हमाल दोन मिनिटांत फिरवून देतो.

मग त्यातलं डझनभर फळ घरी आणा आणि दुसरा संच करा. पांढऱ्या कापडावर एक अख्खं, एक सोललेलं, चार फोडी, शिरा दिसतील अशा. खिडकीचा उजेड एका बाजूने, समोरून पांढरा थर्माकोल. पानासकट फळ हवं असेल तर पान दुपारपर्यंत मान टाकतं, म्हणून तो फोटो आधी. पाण्याचे थेंब टिकवायचे तर पाणी आणि ग्लिसरीन निम्मं निम्मं करून फवारावं, नुसतं पाणी नागपुरात किती वेळ टिकतं ते सांगायला नको. आडवा, उभा, आणि उजवीकडे अर्धी चौकट रिकामी असलेला, असे तीन. एवढंच. त्याच फळाचे तीस फोटो चढवले तर ‘सारखेच फोटो’ म्हणून परत येतात.

चढवण्याआधी फाइल १०० टक्क्यांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावी. एफ ११ च्या पुढे गेलात की सेन्सरवरची धूळ आकाशात काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. उन्हातल्या पत्र्याच्या कडेला जांभळी रेघ येते. मे महिन्यात दुपारी लांबच्या लेन्सने काढलेलं काहीही तापलेल्या हवेमुळे थरथरलेलं दिसतं, आणि त्यावर कुठलंही शार्पनिंग चालत नाही. उलट जास्त शार्पनिंग हेच नाकारण्याचं एक कारण असतं. फाइल जेपेग, सर्वांत वरच्या दर्जाची, रंगांची जागा एसआरजीबी. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोन्ही साइटना किमान ४ मेगापिक्सेल लागतात. अलामी ही तिसरी साइट फाइल दाबण्याआधीचा आकार १७ एमबी मागते, म्हणजे साधारण ६ मेगापिक्सेल. त्यामुळे गेल्या काही वर्षांतला कुठलाही कॅमेरा पुरतो. अलामीची एक खोड लक्षात ठेवा: एका खेपेतला एक फोटो तपासणीत नापास झाला की सबंध खेप परत. तिथे पाच-पाच पाठवावेत.

आता कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांनी फोटो शोधला जातो ते शब्द. हे काम कंटाळवाणं आहे, आणि पैसे इथेच मिळतात किंवा जातात. शोधणारा इंग्रजीत शोधतो, आणि त्याचं इंग्रजी आपलं नसतं. आपलं संत्रं वनस्पतिशास्त्राच्या भाषेत मॅन्डरिन, सैल सालीचं. तिकडे नुसतं ‘ऑरेंज’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते आपल्या मोसंबीच्या कुळातलं फळ. तेव्हा ‘मॅन्डरिन’, ‘टँजरिन’, ‘सिट्रस’ आणि ‘ऑरेंज’ चारही हवेत. तीच गत सांबाराची. विदर्भाबाहेर पाऊल टाकलं की सांबार म्हणजे इडलीसोबतचं, आपली जुडी पुण्यात कोथिंबीर होते, लंडनमध्ये कोरिअँडर आणि अमेरिकेत सिलँट्रो. पोह्यावरच्या हिरव्या चिमटीसाठी शेवटचे दोन्ही शब्द लिहावे लागतात.

शटरस्टॉकला ७ ते ५० कीवर्ड चालतात, अडोबीला जास्तीत जास्त ४९. अडोबीकडे क्रम महत्त्वाचा, पहिल्या दहांना सर्वाधिक वजन. गंमत अशी की लाइटरूम क्लासिक हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर कीवर्ड वर्णानुक्रमाने लावून टाकतं, म्हणजे ‘ॲग्रिकल्चर’ वर आणि ‘टँजरिन’ तळाला. चढवल्यावर साइटवर जाऊन क्रम हाताने लावा. डार्कटेबल किंवा डिजिकॅम फुकट आहेत, त्यांतूनही शीर्षक आणि कीवर्ड फाइलमध्येच लिहिता येतात, मग प्रत्येक साइटवर पुन्हा टाइप करावं लागत नाही. शीर्षक साधं वाक्य असावं: ‘फ्रेश मॅन्डरिन ऑरेंजेस इन क्रेट्स ॲट होलसेल मार्केट, नागपूर, इंडिया’. त्यात ‘ब्युटिफुल’ आणि ‘अमेझिंग’ घालू नका, ते कोणी शोधत नाही.

माणसं आली की सह्या आल्या. व्यापारी वापरासाठी ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाची मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायची लेखी संमती, लागते. तीत मॉडेलची सही, फोटोग्राफरची सही आणि या दोघांखेरीज तिसऱ्या साक्षीदाराची सही. अल्पवयीन मुलासाठी आई-वडील किंवा पालक. अर्ज इंग्रजीत असतो, म्हणून सही घेण्याआधी मराठीत नीट सांगा की हा चेहरा उद्या साबणाच्या किंवा औषधाच्या जाहिरातीत दिसू शकतो. सांगितल्यावर नाही म्हणणारे असतात, त्यांचा मान ठेवा. हमालाचा नुसता हात आणि क्रेट घेतलं तर हा प्रश्न बहुतेक सुटतो. दुपट्टेवाल्या मुलीचा चेहरा झाकलेला असला तरी एजन्सी सही मागू शकते, आणि स्कूटीचा नंबर तर पुसावाच लागतो.

मारबतीच्या मिरवणुकीत सह्या घेणं अशक्य. बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांवर, नेत्यांची नावं आणि चेहरे असतात, ते वेगळंच. असे फोटो ‘एडिटोरियल’ म्हणून द्यायचे, म्हणजे बातमी-लेखासाठी चालतील, जाहिरातीसाठी नाही. शटरस्टॉक आणि अलामी दोन्हीकडे तशी सोय आहे. शटरस्टॉकला मथळ्याची ठरलेली घडण लागते: शहर, देश, मग आडवी रेघ, महिना-तारीख-वर्ष, अपूर्णविराम, आणि पुढे काय चाललंय त्याचं वर्णन. तारीख चुकली तरी परत येतो. इथे काहीही पुसायचं नाही, कातरणं आणि उजेड कमी-जास्त करणं एवढंच. दीक्षाभूमीवरच्या अशोक विजयादशमीच्या गर्दीलाही हाच नियम. आणि वायुसेनानगर किंवा कामठीच्या छावणीकडे लेन्स वळवूच नका, एडिटोरियल असो की काही असो.

सणाचे फोटो सणाला विकले जात नाहीत, त्याच्या दोन-तीन महिने आधी शोधले जातात. या पोळ्याला काढलेले बैल पुढच्या पोळ्यासाठी. डिसेंबरात काढलेला कूलर मात्र ओळखू येतो, धूळ बसलेली असते.

पैशाचं गणित आधीच समजून घ्या म्हणजे तिसऱ्या महिन्यात चिडचिड होणार नाही. अडोबी स्टॉक फोटोच्या किमतीचे ३३ टक्के देतं. वर्गणीदाराने उचललेल्या फोटोचे साधारण ३३ सेंटपासून मिळतात. रक्कम काढायला किमान २५ डॉलर आणि पहिल्या विक्रीनंतर ४५ दिवस लागतात. म्हणजे सगळं वर्गणीतून गेलं तर ७६ डाउनलोड झाल्यावर पहिला पैसा हातात. शटरस्टॉकवर वाटा १५ ते ४० टक्के, वर्षभरात किती फोटो गेले त्यावर ठरणारा, आणि १ जानेवारीला सगळे पुन्हा १५ वर. तिथे एका डाउनलोडचे १० सेंटही येतात. डिसेंबरात ३० टक्क्यांवर पोचलेल्याला जानेवारीत तोच फोटो निम्म्या वाट्यात द्यावा लागतो. ही पद्धत मला अजिबात पटत नाही, तरी फोटो तिथे ठेवावेत असंच म्हणेन, कारण एकदा कीवर्ड लिहिल्यावर दुसऱ्या साइटवर चढवायला कष्ट पडत नाहीत.

खरी वरकमाई बऱ्याचदा थेट विक्रीत असते. तर्री पोह्याचा नवा फलक करणारा हॉटेलवाला, दिनदर्शिका छापणारा, प्रतीक्षागृहात भिंत मोकळी असलेला डॉक्टर. भिंतीसाठी फाइल विकताना मापं नेमकी सांगा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, तो २० बाय १३ इंच छापला जातो, १५० ला ४० बाय २६, आणि लांबून पाहायच्या भिंतीला १५० पुरतात. आपल्याकडच्या लॅबची ८ बाय १२ आणि १२ बाय १८ ही मापं कॅमेऱ्याच्या चौकटीशी जुळतात, काही कापावं लागत नाही. ८ बाय १० ची फ्रेम आणली असेल तर लांबीतले १००० पिक्सेल जातात, ती कातरलेली वेगळी फाइल आपणच करून द्यावी, नाहीतर दुकानदार बैलाची शेपटी कापतो. फाइल ड्राइव्हच्या लिंकने द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती चेपली जाते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

सोबत एक पानाचा परवाना, सहीसकट. कशासाठी वापरणार, किती काळ, कुठे, आणि हाच फोटो दुसऱ्याला विकता येईल का. हे लिहिलं नाही तर काय होतं ते १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे: मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश नमूद नसेल तर भारत. एका दिवाळीच्या फलकासाठी दिलेला फोटो पाच वर्षं फिरत राहतो, आणि तक्रार करायला जागा राहत नाही.

त्याच कायद्यातलं कलम १७ लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी वाचलेलं बरं. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. हार्ड डिस्कवर पडलेल्या हळदीच्या आणि मेंदीच्या हातांच्या शेकडो फाइली म्हणूनच आपल्या नसतात, चेहरा दिसत नसला तरी. बुकिंगच्या कागदावर एक ओळ आधीच घाला आणि ती वाचून दाखवा.

राहता राहिला कर. अमेरिकन साइटवर नाव नोंदवताना डब्ल्यू-८ बेन अर्ज पॅन टाकून भरा. भरला तर अमेरिकेतल्या डाउनलोडवर भारतासोबतच्या करारानुसार १५ टक्के कापले जातात, नाही भरला तर ३०. हा अर्ज सही केल्याच्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस संपतो. तिकडे कापलेल्या कराची सूट इथे मिळते, पण तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तेव्हा सीएला विवरणपत्र भरून झाल्यावर नाही, आधी सांगा. पेपाल किंवा पेओनिअरवरून रक्कम बँकेत आली की त्या दिवशीची पावती उतरवून ठेवा, मार्चमध्ये शोधायला गेलं की नेमकी तीच सापडत नाही.