अनारसे घरीच ठेवा

नाशिकहून पहिल्यांदाच दुबईला निघालेल्या बाईला सगळे एकच विचारतात, "तिकडे बुरखा घालावा लागतो का गं?" नाहीतर, "टिकली लावलेली चालते का?" चालते. बुरखाही लागत नाही. दुबईतल्या 'बर दुबई' भागातल्या मीना बाजारात मंगळसूत्र आणि टिकली लावून फिरणाऱ्या इतक्या जणी दिसतात की आपण मेन रोडवर खरेदीला आलोय असं वाटावं. मला या प्रश्नाचा आता वैताग येतो, कारण माणूस विमानतळावर खरंच अडकतो ते ज्याने, त्याबद्दल कुणी विचारतच नाही. ती फराळाच्या डब्यात असते. खसखस.

दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. चिमूटभर असो की पाव किलो, कच्ची असो की भाजून वाटलेली. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. त्या दाण्यात स्वतःची नशा जवळजवळ नसते, पण बोंडाचा चीक त्याला लागलेला असतो आणि त्यात मॉर्फिनचा अंश सापडतो. आपल्याकडे नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि १९८५चा आपला अमली पदार्थविरोधी कायदा बियांना हात लावत नाही, म्हणून वाणी ती उघड पुडीत बांधून देतो. तिथला कायदा ही सूट देत नाही. मुस्लिम देश म्हणून हे असं, असंही कुणी समजू नये. सिंगापूरही खसखस अशीच अडवतं.

आता आपल्या स्वयंपाकघरात ती कुठे कुठे आहे ते मोजा. अनारशाला तर एक अख्खी बाजूच खसखशीची. करंजीच्या सारणात भाजून घातलेली. डिंकाच्या लाडवात. आणि नाशिकच्या काळ्या मसाल्यात, जो धणे, दगडफूल, लवंग, सुकं खोबरं यांच्यासोबत कांडपावर एकजीव होऊन येतो आणि ज्यात खसखस आहे हे घरातल्या पुरुषाला बहुतेक वेळा माहीतच नसतं. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईची. तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू असणारच, आणि लाडवात खसखस असणारच, कारण बाळंतिणीच्या लाडवात ती घालायची असते हे तिच्या आईने तिला शिकवलेलं असतं.

म्हणून लाडू करायचेच तर डिंक, खारीक, बदाम, अळीव, गूळ, तूप घ्या आणि खसखस सरळ वगळा. चवीत फारसा फरक पडत नाही, फक्त तो कुरकुरीतपणा जातो. अनारसे खसखशीऐवजी पांढऱ्या तिळावर थापता येतात. तीळ मोठे असल्याने गोळी जरा जास्त दाबावी लागते आणि तूप मंद ठेवावं लागतं, नाहीतर अनारसा शिजायच्या आत तीळ लाल होतात. पण ज्या परातीत गेल्या आठवड्यात घरच्यांसाठी खसखशीचे अनारसे थापले, त्याच परातीत हे थापू नका. खसखशीचा दाणा मोहरीहून लहान. तो परातीच्या काठात बसतो, डब्याच्या झाकणाच्या खाचेत बसतो, आणि मागच्या दिवाळीला गावाहून मसाला ज्या बॅगेतून आणला तिच्या शिवणीत तर हमखास. बॅग गच्चीवर नेऊन उलटी करा, चेन पूर्ण उघडा, कोपरे बाहेर काढून ब्रशने झाडा. मसाल्याची बॅग होती तर सरळ दुसरी घ्या.

काळा मसाला नेऊच नये, या मताची मी आहे. तुम्ही खसखस वगळून कांडपावर नेलात तरी तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाने ती वगळली होती का, हे त्या यंत्राला विचारता येत नाही. करामा आणि बर दुबईतल्या किराणा दुकानांत भारतीय मसाले भरपूर मिळतात. घरचाच हवा असा हट्ट असेल तर तो जावयाला नाशिकला आल्यावर वाढा. आणि सापडली तर "चुकून आलं" म्हणून दंड भरून सुटू, असा हिशेब करू नका. ही जकात नव्हे. पुडी निघाली की प्रश्न अमली पदार्थांच्या कायद्याचा होतो.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांची भानगड वेगळी. त्या मुंबई विमानतळावरच काढून घेतात. खोबऱ्यात तेल खूप, उष्णतेने पेट घेऊ शकतं, म्हणून मार्च २०२२ पासून आपल्याकडच्या विमान सुरक्षा नियमांत चेक-इन सामानातही ते बंद आहे. विड्याची पानं आणि पानाचं सामानही अमिरातीत चालत नाही, तेव्हा जेवणानंतर पान लागणाऱ्या काकांनी आठवडाभर बडीशेपेवर भागवावं. चिवडा, शेव, चकली, निफाड-पिंपळगावकडचे बेदाणे खुशाल न्या. लोणचं हातातल्या पिशवीत नको, तेल सांडतं आणि सुरक्षा तपासणीत वाद होतो.

खसखशीच्या खालोखाल गोळ्या. खोकल्याच्या औषधातलं कोडीन, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिलेलं क्लोनाझेपाम-अल्प्राझोलाम, या सगळ्यांवर तिथे नियंत्रण आहे. फसवतं ते प्रेगाबालिन. मधुमेहात तळपायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टर देतात, बऱ्याचदा मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वासोबत एकाच गोळीत. आजोबा तिला "बी-ट्वेल्व्हची गोळी" म्हणत असतात. पाकिटावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचा. यातलं काही निघालं तर अमिरातीच्या सरकारी संकेतस्थळावर प्रवासाआधी परवानगी काढायची असते. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, आजाराचा अहवाल आणि पासपोर्टची प्रत लागते. साध्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना हे सोपस्कार नाहीत, पण त्याही मूळ स्ट्रिपमध्येच न्या. सोमवार-मंगळवार लिहिलेल्या प्लास्टिकच्या डबीत सुट्या गोळ्या भरणं घरी सोयीचं असतं, कस्टमवर नाही. वैद्यांनी कागदाच्या पुडीत दिलेलं बिनलेबलचं चूर्णही त्याच कारणाने घरी ठेवा.

कागदपत्रांत एकच ठिकाण जपायचं: पासपोर्टवरचं नाव. नोव्हेंबर २०२२ पासून नुसतं एकच नाव असलेल्या, म्हणजे आडनावाची जागा कोरी असलेल्या पासपोर्टवर अमिरातीत पर्यटक व्हिसाने प्रवेश देत नाहीत. जुन्या पिढीतल्या बायकांचे पासपोर्ट हमखास असे निघतात. आधी आडनाव घालून पासपोर्ट नवा करून घ्या, मग व्हिसा, मग तिकीट. उलट क्रमाने गेलात तर तिकिटाचे पैसे बुडतात. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, हे तर एजंटही सांगतो. नाशिकच्या ओझर विमानतळाहून थेट विमान नाही, मुंबईच गाठायची. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झाल्यापासून कसारा घाट टळतो, भिवंडी टळत नाही.

कपड्यांचा प्रश्न खरा येतो तो मशिदीत. अबू धाबीची शेख झायेद मशीद पाहायला पैसे पडत नाहीत, पण वेळ आधी ऑनलाइन नोंदवावी लागते. बायकांचं डोकं, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकलेले हवेत, कापड पारदर्शक नको. साडीत कंबर उघडी राहते, म्हणून त्या दिवशी सैल पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज बरा. ओढणी सुतीच घ्या. शिफॉनची केसांवरून घसरते आणि संगमरवरी अंगणात दर चार पावलांनी सावरत बसावं लागतं. दोन सेफ्टी पिना सोबत असू द्या. पुरुषांनी बर्म्युडा घालून जाऊ नये. आपल्याकडे हे सांगावं लागतं. आत गालिच्यावर चप्पल-बूट काढूनच जायचं, तेव्हा मोज्यांना भोकं नाहीत ना, ते हॉटेलवरच बघा. ५,६२७ चौरस मीटरचा एकसंध गालिचा आहे, त्यावर अंगठा बाहेर आलेला शोभत नाही.

तारखा ठरवताना रमजान कधी आहे ते पाहा. आपलं पंचांग अधिक महिना घालून चांद्रवर्ष ऋतूंशी जुळवून घेतं, म्हणून दिवाळी पावसाळ्यात येत नाही. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरमध्ये सुरू होईल. त्या महिन्यात दिवसा खायला मिळतं, पण रोजा धरलेल्या माणसासमोर भररस्त्यात बाटली तोंडाला लावू नये. संध्याकाळी इफ्तारच्या आधी टॅक्सी मिळणं मुश्कील. मला विचाराल तर पहिल्याच खेपेला लहान मुलांना घेऊन रमजानात जाऊ नका, आणि एकटे असाल तर जरूर जा, रात्रीचं शहर तेव्हाच बघण्यासारखं असतं.

नाशिकची वाईन भेट द्यायची हौस असेल तर विमान कुठे उतरतंय ते बघा. दुबईशेजारच्या शारजाहत दारूला पूर्ण बंदी आहे आणि स्वस्त तिकिटं बऱ्याचदा तिथलीच असतात. मेट्रोत खाण्यापिण्याला १०० दिरहम दंड आहे, आणि बायकांच्या डब्यात उभ्या राहिलेल्या नवऱ्यालाही तेवढाच. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो, तो नाशिकच्या शालिमारला घ्या, विमानतळावर नको.

आणि घरच्यांना निघण्याआधी सांगून ठेवा की तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, फोटो जातात, कॉल लागत नाही. नाहीतर आई रात्री अकराला शेजारच्या काकूंना उठवून विमान पोचलं का ते विचारत बसते.