बॉनेटवरचं धुकं: दोष पॉलिशचा नव्हता
गेल्या अपडेटला मी लिहिलं होतं की माझ्या सेकंडहँड काळ्या गाडीचं बॉनेट पॉलिश करून झालं, आता सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा संरक्षक लेप) तेवढं राहिलं. ते मागे घेते. कोटिंगच्या आदल्या रात्री आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पॉलिशचं तेल काढायला) शेवटचं पुसून घेतलं, टॉर्च तिरका धरला आणि पोटात गोळाच आला. काळ्या रंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढुरकं धुकं. ज्या बॉनेटचे फोटो मी एवढ्या कौतुकाने टाकले, त्याच बॉनेटवर! पॉलिशमधल्या तेलाने सगळं झाकून ठेवलं होतं, तेल निघालं तसं खरं रूप वर आलं.

रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजचे आकडे मी आधी दिले होते. छत, दारं आणि डिकी ११० ते १२५ मायक्रॉन, एकटं बॉनेट २४०च्या घरात. म्हणजे आधीच्या मालकाकडे असताना ते कधीतरी पुन्हा रंगवलंय. कंपनीच्या रंगात क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, त्यामुळे दारांवर मी मशीनचा प्रत्येक पास (फेरी) जपून दिला. बॉनेटवर जाडीची चिंता नाही, पण हा नंतरचा क्लिअर लोण्यासारखा मऊ आहे. दारांवरचे स्वर्ल (बारीक गोलाकार ओरखडे) काढायला कंपाउंडचे, म्हणजे जाड पॉलिशचे, चार-चार पास लागले, बॉनेटवरचे एका पासात गेले. जातात सहज आणि उठतातही तितकेच सहज, हे मात्र मला उशिरा कळलं.

पुढच्या चार रात्री या एका पत्र्यावर गेल्या.

पहिला संशय पॅडवर. मायक्रोफायबर कटिंग पॅड मऊ रंगावर धुकं सोडतो हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवलंय. म्हणून सगळ्यात मऊ फिनिशिंग फोम घेतला, बारीक पॉलिश घेतलं, वेग कमी केला आणि शेवटचे दोन पास दाब न देता, नुसत्या मशीनच्या वजनावर फिरवले. फरक पडला, पण निम्माच. दुसऱ्या रात्री दर सेक्शननंतर पॅड ब्रशने साफ केला आणि दोन सेक्शननंतर बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री पॉलिश बदललं. पॅड जिच्यावर बसतो त्या बॅकिंग प्लेटवर, फिरणं दिसावं म्हणून, मार्करने रेघ मारली, तेव्हा दिसलं की बॉनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो, तिथे १५ मिमीच्या डीएचा (ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशरचा, ज्याचा पॅड फिरतो आणि हेलकावतोही) पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो. तिथे ३ इंची पॅड लावला आणि कडा सुंदर निघाल्या. मधलं धुकं मात्र जागच्या जागी.

चौथ्या रात्री मशीन हातात घेतलंच नाही. टॉर्च आणि भिंग घेऊन बसले. डीएच्या खुणा कशा असतात? बारीक बारीक वेटोळी, एकमेकांत गुंतलेली. माझ्या बॉनेटवर तशी वेटोळी जवळपास नव्हतीच. होत्या त्या केसापेक्षा बारीक, एकमेकींना समांतर रेघा, उजवीकडे किंचित वळत गेलेल्या. मी डावीकडून उजवीकडे पुसते तेव्हा हात अगदी तसाच वळतो. मशीनने नव्हे, माझ्या पुसण्याने हे धुकं आणलं होतं. पॉलिश मनापासून काम करत होतं आणि मी दरवेळी ते पुसताना नव्या रेघा मारत होते. आयपीएने पुसताना तर जास्तच, कारण त्यात निसरडेपणा काहीच नाही, कापड रंगावर ओढलं जातं.

खात्री करायला मास्किंग टेपने चार चौकोन केले. चारही चौकोनांना तोच पॅड, तेच पॉलिश, तेवढेच पास. पहिला चौकोन नेहमीच्या टॉवेलने कोरडाच पुसला. दुसरा त्याच टॉवेलने, पण क्विक डिटेलर (निसरडेपणा देणारा स्प्रे) फवारून. तिसरा एका जुन्या, दाट लवेच्या टॉवेलने. चौथ्याला कापड लावलंच नाही. शॅम्पूचा फेस सोडला, भरपूर पाण्याने धुतला, ब्लोअरने वाळवला, मग आयपीए फवारून नुसतं उडू दिलं. सगळं तेल असं निघत नाही हे मान्य, पण फरक बघायला तेवढं पुरलं.

पहिल्यात धुकं. दुसऱ्यात निम्मं. तिसऱ्यात शोधलं तर दोन-चार रेघा. चौथा? टॉर्चचा ठिपका रंगात खोल उतरलेला आणि भोवती काही म्हणजे काही नाही, निव्वळ काळं. त्या एवढ्याशा चौकोनाकडे मी किती वेळ बघत बसले होते देव जाणे.

आता टॉवेलबद्दल. दोन भागांपूर्वी ज्या विक्रेत्याची मी तोंडभरून तारीफ केली, माझा सध्याचा नेहमीचा टॉवेल त्याच्याकडच्याच दुसऱ्या, नव्या पाकिटातला. वर मायक्रोफायबरचं तेच ७०/३० मिश्रण (पॉलिएस्टर/पॉलिअमाइड), तेच जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरचं वजन), कडेला शिवण नाही. पण जुन्या आणि नव्या टॉवेलची जुनी सीडी घासून परीक्षा घेतली, तर नव्याने सीडीवर ओरखडे आले, जुन्याने नाही. मी धुण्यात काही वावगं करत नाही: वेगळे धुते, सुती कपड्यांबरोबर कधीच नाही, सॉफ्टनर नाही, गरम ड्रायर नाही. तेव्हा माल बदललाय आणि पाकिटावर तसं म्हटलेलं नाही, याचा मला राग आहे. माझा सल्ला एवढाच की प्रत्येक नवं पाकीट आधी सीडीवर घासून बघा, मग गाडीजवळ आणा.

कोटिंगचा बेत यामुळे बदलावा लागला. सिरॅमिक लावलं की फ्लॅश झाल्यावर, म्हणजे त्यातलं द्रावक उडू लागल्यावर, ते पुसून समतल करावंच लागतं, आणि मऊ क्लिअरवर त्या पुसण्याचीच मला आता धास्ती वाटते. बाटलीवरचं ९एच ही पेन्सिलीने कठीणपणा तपासायच्या कसोटीची पट्टी आहे, त्या भरवशावर खालच्या रेघा झाकल्या जाणार नाहीत, उलट आत कोंडल्या जातील. मग बॉनेटला पीपीएफ (रंग वाचवणारी चिकट पारदर्शक फिल्म) लावावी असं मनात आलं. रात्रभर तोच विचार होता, सकाळी सोडून दिला. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर रंगाची पकड कशी आहे कुणास ठाऊक, उद्या फिल्म काढताना क्लिअरच सोलून आला तर?

म्हणून आधी छत, दारं, फेंडर आणि डिकीला कोटिंग, बॉनेट सगळ्यात शेवटी. आणि हे लिहितालिहिता सुचतंय की चौथ्या चौकोनाची पद्धत अख्ख्या बॉनेटला का लावू नये? फिनिशिंग झालं की पुसायचंच नाही. फेस, पाणी, ब्लोअर, मग निसरडेपणा असलेला पाण्यावर आधारित पॅनेल प्रेप (कोटिंगआधी तेल काढायचा स्प्रे) आणि जुन्या टॉवेलची फक्त एक हलकी फेरी, कापडाची घडी दरवेळी पालटून. आयपीए बॉनेटपुरतं बंद. कुणी असं करून पाहिलं असेल तर सांगा, मी शनिवारपर्यंत थांबते.

आतल्या कामाचं थोडक्यात. तो कुबट वास शेवटी गेला. कार्पेट दोनदा एक्स्ट्रॅक्ट करूनही (पाणी फवारून मशीनने ओढून घेऊनही) तो परत यायचा, कारण ओल वरची नव्हतीच. एसीच्या पाण्याची नळी गाळाने तुंबली होती आणि इव्हॅपोरेटरचं पाणी डाव्या सीटसमोरच्या कार्पेटखाली मुरत होतं. नळीतून काळ्या चिखलाचा बोटभर गोळा निघाला, मागोमाग कपभर पाणी. खालचा फोम उचलून दोन दिवस पंख्यासमोर ठेवला, केबिन फिल्टर नवा बसवला. हेडलाइट ८०० ते ३००० ग्रिटच्या सँडपेपरने घासून झाले, उन्हापासून वाचवणारा यूव्ही कोट बाकी आहे.

आणि सीटबेल्ट! पूर्ण बाहेर ओढून चिमटा लावला, सौम्य क्लीनर फवारून विणीच्या दिशेने ब्रश फिरवला. पट्ट्याचा मूळ रंग बेज आहे हे मला आजच कळलं, इतके दिवस तो करडा समजत होते. पाणी चहासारखं निघालं. वाळेपर्यंत चिमटा काढला नाही, ओला पट्टा आत गेला तर वासाचं सगळं पहिल्यापासून.

बॉनेटवरची टेप अजून काढलेली नाही. तीन चौकोन पुन्हा करायचे आहेत, चौथ्याला मी हात लावणार नाही.