सहाव्या फ्रेटवरून पाचव्यावर यायला सात महिने

गिटारच्या पेंटाटॉनिकवर, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलवर, सोलो वाजवणं जमलं, ते कसं ते आता आठवतही नाही. डोकं उठवलं ते आर्पेजिओनं, म्हणजे कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे) स्वर एकेक करून वाजवण्यानं.

ज्या क्लासला जायचो तिथं पहिल्याच दिवशी एक झेरॉक्स हातात पडली. आर्पेजिओत बोटं कुठं ठेवायची त्याच्या पाच आकृत्या, ठिपकेच ठिपके. सर म्हणाले, "आधी हात बसू दे, कान आपोआप येईल." नागपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसून हात बसवला. डी मायनर सेव्हन ही कॉर्ड वर-खाली, जी सेव्हन वर-खाली. पण बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावला की कॉर्ड बदलून जायची आणि मी आपला जुन्याच आकृतीच्या पायऱ्या उतरतोय. बहीण पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "दादा, इथं आला की दरवेळी खटकते बरं." मी तिच्यावरच खेकसलो.

मग मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. खरंच खटकत होतं. जी सेव्हन आली की मी सी हा स्वर धरून बसायचो, आणि त्या कॉर्डमधला बी हा स्वर त्याला घासायचा. माझ्या लाडक्या ए मायनर पेंटाटॉनिकमध्ये बी नाहीच, मग बोट तिकडे जाणार कसं? हे कोणी सांगितलं नाही. फी मात्र एक तारखेला आठवणीनं मागत.

झेरॉक्स कपाटात टाकली. फक्त दोन तारा घेतल्या. डी मायनर सेव्हनवर तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट (गिटारच्या मानेवरचा घर), म्हणजे सी, आणि दुसऱ्या तारेचा सहावा, म्हणजे एफ. जी सेव्हन आली की सी एक फ्रेट मागे, बीवर, एफ जागेवरच. सी मेजर सेव्हनला बी तिथंच, एफ पाचव्यावर, ईवर. बस. पहिल्या मात्रेला एवढं गाठायचं, मधल्या जागेत काय वाट्टेल ते वाजवा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवला होता, हे आधीच सांगायला हवं होतं. 90 वर मी आठवडा फुकट घालवला. आणि पुढचा स्वर तोंडानं म्हणून मगच वाजवायचा. घरचे हसतात, हसू द्या.

परवा तीच जागा आली. बहिणीनं पान उलटलं, मान वर केली नाही.

अन् हो, रेकॉर्ड करताना कूलर बंद ठेवा. त्याच्या घरघरीत माझ्या निम्म्या चुका लपल्या होत्या.