शनिवारचे दोन पास

इंग्लंडच्या गिटारवाल्या क्लॅप्टनवरून आमचं भांडण झालं त्याला आज आठ दिवस झाले, आणि अजून कोणीही माघार घेतलेली नाही.

जागा नेहमीची. पणजी मार्केटजवळचं भाजीपावाचं हॉटेल, सकाळचे साडेसात. माझ्यासमोर पातळभाजी, इंजिनियरसमोर सुकी भाजी आणि मास्तरांसमोर मिक्स. इंजिनियरने पाव मोडता मोडता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगून टाकलं, "एरिक क्लॅप्टन ओव्हररेटेड आहे रे." माझा घास हातातच राहिला. पुढचा अर्धा तास जे झालं ते कोंकणीतून झालं. आमच्या गोव्यात भांडायचं कोंकणीत, लिहायचं मराठीत आणि मधली शिवी जमल्यास पोर्तुगीजमध्ये, असा रिवाज आहे.

'ओव्हररेटेड'ला मराठी शब्द शोधायचा मी नंतर बराच प्रयत्न केला. 'नाव मोठं लक्षण खोटं' म्हणावं तर क्लॅप्टनचं लक्षण काही खोटं नाही. 'अतिमूल्यांकित' म्हटलं की तलाठ्याने जमिनीचा भाव चुकीचा लावल्यासारखं वाटतं. माझी आजी गावातल्या एका कीर्तनकाराबद्दल म्हणायची, "वाईट नाही रे, पण लोक त्याला खांद्यावरून खाली उतरवायलाच विसरले." हे मला पटतं. माणूस चांगलाच असतो, फक्त त्याचे पाय जमिनीला लागून बरेच दिवस झालेले असतात.

क्लॅप्टनला तर लोकांनी थेट देव्हाऱ्यात बसवलं. साठच्या दशकात लंडनमध्ये कोणीतरी भिंतीवर 'क्लॅप्टन देव आहे' असं रंगवून ठेवलं. तसल्या एका भिंतीचा फोटो फार प्रसिद्ध आहे, त्यात एक कुत्रं त्याच मजकुराखाली पाय वर करून उभं आहे. इंजिनियरच्या मते रॉक संगीताची याहून नेमकी समीक्षा आजवर झालेली नाही.

मी मग 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या थोर गिटारवादकांच्या याद्या काढल्या. २००३ साली क्लॅप्टन चौथा, २०११ ला दुसरा, २०२३ ला पस्तिसावा. "बघ, उतरवला की नाही खांद्यावरून!" इंजिनियर खूश. मी त्याला २००३ चीच यादी पुढे वाचायला लावली. तिच्यात कर्ट कोबेन बारावा आहे आणि एडी व्हॅन हेलन सत्तरावा. १९७८ मध्ये ज्याने दोन्ही हातांची बोटं गिटारच्या मानेवर नाचवून जगभरच्या पोरांची झोप उडवली, तो सत्तरावा! कोबेनची गाणी मलाही आवडतात, पण म्हणून बारावा? असल्या यादीच्या भरवशावर मी बाजारातून नारळही आणणार नाही. तिन्ही याद्यांत पहिला नंबर मात्र जिमी हेंड्रिक्सचा, आणि हेंड्रिक्सबद्दल आमच्यात वाद नाही. "सत्ताविसाव्या वर्षी गेला ना तो? मग त्याला ओव्हररेटेड व्हायला वेळ कुठे मिळाला?" मास्तर म्हणाले.

मास्तरांबद्दल सांगायला हवं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि अजून देवळात भजनाला पेटी धरतात. रॉक ते आमच्या दोस्तीखातर ऐकतात, पाहुण्याच्या घरी न आवडणारी भाजी खावी तसं. पण भांडण रंगात आलं की ते एखादाच प्रश्न विचारतात आणि आमचा सगळा खेळ विस्कटून जातो. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही ज्याच्यावरून भांडताय तो सोलो त्याने दरवेळी तसाच वाजवला काय?"

आता माझी गोष्ट. माझी पहिली गिटार म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेली, वापरलेली. तारा लोखंडी, तांबारलेल्या. गोव्याच्या पावसात नवी तारही महिनाभरात काळवंडते, ही तर कोणाचे तरी दोन पावसाळे सोसून आली होती. दाबून दाबून डाव्या हाताच्या बोटांवर आधी फोड, मग घट्टे. मला पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम्'मधला डेव्हिड गिलमोरचा शेवटचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, वाजवायचा होता. कॅसेट मागे-पुढे करून करून टेपचा तेवढाच तुकडा झिजला आणि तिथे आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. एका अख्ख्या पावसाळ्यात मला त्याचा जेमतेम अर्धा भाग बसला. आई आतून ओरडायची, "कोण रडतंय ते?"

पुष्कळ वर्षांनी कळलं की गिलमोरने तो सोलो सलग वाजवलेलाच नव्हता. पाच-सहा वेळा वाजवून रेकॉर्ड केला, प्रत्येकातले बरे तुकडे निवडले आणि जोडून एक केला. म्हणजे मी जीव काढून पाठ केलेलं मूळ कापड कुठे नव्हतंच. मी वाकळ पाठ केली होती.

मास्तर म्हणाले, "मग काय झालं? थंडीत वाकळच लागते."

ते खरं आहे. तो सोलो अजूनही माझ्या अंगावर काटा आणतो. पण मास्तरांचा प्रश्न डोक्यात राहिलाच. आम्ही ज्यावरून हमरीतुमरीवर येतो ती वादनं आम्हाला रामरक्षेसारखी पाठ आहेत. कुठे तार ओढली, कुठे श्वास घेतला, सगळं. उद्या गिलमोरने माझ्यासमोर बसून त्यात चार सूर बदलले तर मीच तोंड वाकडं करीन. आणि क्लॅप्टनला कोणी हलका म्हटलं की मला जे लागतं ते क्लॅप्टनसाठी थोडंच लागतं? बोटांना फोड आलेला एक एकोणीस वर्षांचा पोरगा आत कुठेतरी बसलेला असतो, त्याला लागतं.

इंजिनियरचा देव टोनी आयोमी. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही, कारण त्याची गोष्टच तोंड बंद करणारी आहे. बर्मिंगहॅमचा हा पोरगा, वय सतरा, पत्र्याच्या कारखान्यातला कामाचा शेवटचा दिवस, आणि यंत्राने उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. सगळं संपलं म्हणून बसला असताना कारखान्यातल्या मॅनेजरने त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जॅझ गिटारवाल्या जँगो राइनहार्टची. १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती. उरलेल्या दोन बोटांवर त्याने असे सोलो वाजवले की धडधाकट पाच बोटांची माणसं अजून त्यांच्यामागे धापा टाकताहेत. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा सैल लावल्या आणि त्यातून ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडचा तो जडशीळ आवाज निघाला. हेवी मेटलच्या मुळाशी असा एक जॅझवाला बसलेला आहे. हे मी इंजिनियरला मुद्दाम दोनदा सांगतो, कारण जॅझला तो 'सूर सापडेपर्यंत चाललेली शोधाशोध' म्हणतो.

आणि नेमका भांडणाच्या त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, शनिवारी मोकळे आहात? जॅझचे दोन पास आहेत." पणजीतल्या फोंतेन्हासमधल्या एका जुन्या घराच्या अंगणात, सत्तर-ऐंशी खुर्च्या, चौघांचा संच. गिटार, सॅक्सोफोन, डबल बेस आणि ड्रम. गिटारवाल्याचं नाव मी कधी ऐकलेलं नाही.

त्या नाव न ऐकण्याची मला गेले आठ दिवस भारी मजा वाटतेय. त्याच्याबद्दल माझ्यापाशी काहीच नाही. यादी नाही, कॅसेट नाही, फोड नाहीत. तो काय वाजवणार हे त्यालाही अजून अर्धंच ठाऊक असेल.

बायकोने पासाला हात लावला नाही. सॅक्सोफोनने तिचं डोकं उठतं. दुसरा पास मी मास्तरांना दिला, तर त्यांनी आधी शंका काढल्या. "ते वाजवतात कसं? सगळे एकदम सुटतात की काय?" मी सांगितलं, आधी सगळे मिळून चाल वाजवतात. बहुतेकदा बत्तीस बारचं एक आवर्तन, बार म्हणजे साधारण चार मात्रांचा एक गट. मग त्याच आवर्तनावर एकेक जण आपापलं फिरून येतो, बाकीचे त्याला धरून असतात, आणि शेवटी पुन्हा सगळे मिळून मूळ चाल. मध्ये कधीकधी ड्रमवाल्याशी चार-चार बारचे सवाल-जवाब. मास्तर क्षणभर गप्प राहिले. "म्हणजे धृपद सगळ्यांनी म्हणायचं, अंतरे एकेकाने. वास्कोच्या भजनी सप्ताहात चोवीस तास आम्ही दुसरं काय करतो?"

त्यांना मी फ्रेडी ग्रीनबद्दल सांगितलं. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये हा गिटारवाला १९३७ ला आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षं. बारला चार ठोके, खुर्चीत बसून, एवढंच काम. सोलो जवळजवळ नाहीच. समोर बसलेल्या माणसाला त्याची गिटार वेगळी ऐकू यायचीही मारामार, पण तो थांबला की बँड लंगडा व्हायचा. मास्तर एकदम खुलले. "हा माझा माणूस! पेटीवाला!" फ्रेडी ग्रीनला ओव्हररेटेड कोण म्हणणार? त्याला खांद्यावर घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

जॅझ म्हणजे आमच्याकडे बाहेरून आलेली चैन, असं फोंड्याकडच्या आम्हा पेटी-पखवाजवाल्यांना लहानपणी वाटायचं. पण चर्चच्या शाळांत तिथल्या शिक्षकांकडून नोटेशन वाचायला शिकलेली गोव्याची पोरं मुंबईला गेली ती व्हायोलिन आणि ट्रंपेट घेऊनच. रात्री हॉटेलांतले बँड, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ. हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ तिथे 'चिक चॉकलेट' झाला, अमेरिकेच्या ट्रंपेटवाल्याच्या नावावरून त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आपल्या सी. रामचंद्रांकडे तो सहायक होता आणि १९५१ च्या 'अलबेला'त तो त्याच्या बँडसकट पडद्यावर दिसतो. माझ्या गिटारला रडणं म्हणणारी आई नारळ खवताना त्यातलंच 'शोला जो भडके' गुणगुणायची. त्या संगीतात मांडवीपलीकडच्या गावचा माणूस आहे हे तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. मलाही तेव्हा कुठे होतं म्हणा.

गिटारच हवी असेल तर आमान्सियो डिसिल्वा आहे. गोवेकर आईबापांच्या पोटी मुंबईत जन्मला, लंडनला गेला, १९६९ मध्ये त्याची 'इंटिग्रेशन' ही रेकॉर्ड आली. जॅझच्या चालीत मधूनच आपल्याकडचा एखादा सूर असा सरकून येतो की मान वळवून बघावंसं वाटतं. त्याचं नाव घेतलं की आमच्या हॉटेलात कोणी भांडत नाही, कारण ते कोणी ऐकलेलंच नसतं. ओव्हररेटेडांवर एवढा चहा खर्च करतो आम्ही. त्यातला एक कप याच्या नावाने प्यायला हवा.

काल पुन्हा क्लॅप्टन निघाला तेव्हा मास्तरांनी शेवटचं पान टाकलं. "एक यादी मलाही ठाऊक आहे." १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजरची दोन यानं सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. पृथ्वीवरचं संगीत, वाटेत कोणी भेटलंच तर ऐकवायला. तिच्यावर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे. आर्मस्ट्राँगचं 'मेलंकली ब्लूज' आहे. आणि आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. यानं उडाली आणि महिन्याभरात केसरबाई गेल्या. रॉकची गिटार, जॅझचा ट्रंपेट आणि केरीचा गळा एकाच तबकडीवर ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचले आहेत.

हॉटेलात जरा शांतता पसरली. मग इंजिनियरने विचारलं, "पण त्यात पहिला नंबर कोणाचा?"

रात्री अकरा वाजता त्याचा मेसेज आला. शनिवारच्या गिटारवाल्याचा व्हिडिओ त्याने कुठूनतरी शोधून काढला होता. खाली लिहिलं होतं, "ऐक, आणि सांग." त्याच्याखाली तिकिटाचा फोटो. शोधाशोध ऐकायला त्याने स्वतःच्या पैशाने तिकीट काढलं होतं. वर हुकूम, "खुर्ची धरून ठेव. बेसवाल्याच्या बाजूची."

व्हिडिओ मी उघडला नाही. फोन पालथा घातला. थोड्या वेळाने उलटून पाहिला, त्या छोट्या चौकोनात एक टकलू माणूस गिटारवर मान घालून बसलेला दिसला, आणि फोन पुन्हा पालथा घातला.

सकाळी सहाला मास्तरांचा फोन. बाहेर पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजत होता, म्हणून त्यांना दोनदा विचारावं लागलं.

"अरे, एकेकाचं वाजवून झालं की मध्येच टाळ्या द्यायच्या असतात म्हणे. खरं काय?"

"हो मास्तर. देतात."

"चाल चालू असताना?"

"चालू असताना."

"आणि मी 'वा' म्हटलं तर चालेल ना?"