किती घट्ट आणि किती सैल

स्पोर्टी नेकेड मोटारसायकलीला फेअरिंगचे आवरण नसते, इंजिनाचा बहुतेक भाग उघड्यावर असतो, आणि ऑइल काढण्याचा ड्रेन बोल्ट खाली वाकले की दिसतो. त्यामुळे तिची सर्व्हिस घरीच करावी असा मोह लवकर होतो. मला तो झाला आणि पहिल्याच खेपेस मी ड्रेन बोल्टचे आटे घालवले. ऑइल गळू नये म्हणून लांब दांड्याच्या पान्याने आणखी एक पाव वेढा द्यावा असे वाटले. बोल्ट आधी अडला आणि मग हाताखाली अचानक मऊ पडला. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचे आवरण अॅल्युमिनियमचे असते, त्यामुळे अशा झटापटीत हार नेहमी इंजिनाचीच होते. शेवटी भोक मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसवून घ्यावे लागले.

त्यानंतर मी टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, घेतला. ड्रेन बोल्टला बहुतेक गाड्यांत साधारण 20 ते 30 न्यूटन मीटर पुरतात, तर मागच्या एक्सलच्या नटाला 100 च्या आसपास लागतात. नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. मॅन्युअलमधले आकडे बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतात. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लागलेले असेल तर घर्षण कमी होते आणि त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून आटे पुसून घेणे हाही मोजमापाचाच भाग आहे. गळती थांबवण्याचे काम जोराचे नसून वॉशरचे असते, आणि दबून बसणारा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालावा लागतो. ऑइलचे डबे निवडताना जासो एमए किंवा एमए2 ही मोटारसायकलच्या ऑइलची प्रमाणखूण पाहावी, कारण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारसाठीच्या, घर्षण कमी करणाऱ्या ऑइलवर तो घसरू शकतो.

चेनच्या बाबतीत माझी चूक अशीच, पण तिचा आवाज उशिरा आला. मागचे चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर, वजन नसताना, चेन मी तारेसारखी ताठ केली आणि काम नीटनेटके दिसल्याचे समाधानही मानले. मागे माणूस बसवून निघालो तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटकडून (चेनच्या दातेरी चाकाकडून) घरघर येऊ लागली आणि मागचे सस्पेन्शन खड्ड्यांत दबेनासे झाले. कारण साधे भूमितीचे आहे: पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याची) खीळ आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की पुढच्या स्प्रॉकेटपासून एक्सलचे अंतर सर्वांत जास्त होते, आणि वजन पडल्यावर चाक वर सरकते ते याच रेषेकडे. त्या क्षणासाठी चेनमध्ये ढील राखून ठेवलेली नसेल, तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर पडतो. बऱ्याच गाड्यांत ही ढील, म्हणजे चेन मधोमध वर-खाली हलते ते अंतर, 25 ते 35 मिलिमीटर असते, मात्र ती पॅडॉक स्टँड लावून मोजायची की बाजूच्या स्टँडवर, हेही मॅन्युअल सांगते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मापावे आणि सर्वांत ताठ जागेनुसार ठरवावे.

दोन्ही बाजूंचे, एक्सल मागे-पुढे सरकवणारे अॅडजस्टर पाव-पाव वेढा देऊन सारखे फिरवावेत. एक्सलचा नट आवळण्यापूर्वी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये जाड फडके अडकवून चाक मागे फिरवले, की एक्सल पुढे ओढला जाऊन अॅडजस्टरला टेकतो आणि माप हलत नाही. तरीही नट आवळल्यावर एकदा पुन्हा मोजावे. ओ-रिंग (कड्यांमधल्या रबरी चकत्या) असलेली चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ होते, पेट्रोलने रबर बिघडते. हे सर्व इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत करावे, कारण चालू इंजिनावर स्प्रॉकेटमध्ये बोट अडकायला क्षणभर पुरतो.

ब्रेकबद्दल थोडकेच लिहितो. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट 4 या प्रकारच्या फ्लुइडसाठी ठरलेला किमान उत्कलनबिंदू ताजे असताना 230 अंश सेल्सिअस आणि ओलावा शिरल्यावर 155 अंश असतो, म्हणून ते बहुधा दर दोन वर्षांनी बदलावे लागते. पॅड बदलताना पिस्टन आत ढकलण्याआधी पुसले नाहीत तर धूळ सीलमध्ये जाते. आणि काम संपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी लिव्हर पुन्हा कडक होईपर्यंत दाबत राहावे. हे विसरून मी एकदा अंगणातच फाटकाला टेकलो आहे.

व्हॉल्व्हची फट मात्र मी अजून स्वतः लावत नाही. ती थंड इंजिनावर, मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची असते, आणि माझ्या इंजिनात शिम (फट ठरवणारी छोटी चकती) बदलण्यासाठी कॅमशाफ्ट काढून पुन्हा त्याच टायमिंगवर बसवावे लागते. फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचे फीलर गेज आणून ठेवले आहे. सध्या फक्त मापे घेऊन वहीत लिहून ठेवतो.